पाय हलको कर

स्पीडोमीटरचा काटा साठवर होता आणि गाडी मागे घसरत होती.

चढ फारसा नव्हता. शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर, एवढाच. आपल्याकडच्या घाटात असा चढ कुणाच्या लक्षातही येत नाही. पण त्यावर काचेसारखा घासून गुळगुळीत केलेला बर्फ होता, आणि माझ्या हातात होती दोन दारांची, बुटकी स्पोर्ट्स कार. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. ती चाकं गरगरत होती, इंजिन ओरडत होतं आणि खिडकीबाहेरचा लाल खांब सावकाश पुढे चालला होता. खांब जागेवरच आहे, मागे चाललोय ते आपण, हे कळायला दोन सेकंद लागले. मग मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला. गाडीचं शेपूट डावीकडे फिरलं आणि आम्ही आडवे होऊन चढाच्या पायथ्याशी येऊन थांबलो.

शेजारी बसलेले स्वीडिश चालक साठीच्या पुढचे होते. त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं आणि एवढंच विचारलं, "चाकं काय सांगत होती, ऐकलंस?"

ही जानेवारी २०१३ मधली गोष्ट. ब्रेकच्या यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात मी काम करत होते. गाडी घसरू लागली की एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लावून तिला सरळ ठेवणारी जी प्रणाली असते, तिच्यातले आकडे ठरवण्याचं माझं काम. कुठल्या क्षणी, कुठल्या चाकाला, किती ब्रेक, हे सगळं त्या आकड्यांच्या तक्त्यांत असतं. तोवरची चार वर्षं मी पुढच्या चाकांना जोर असलेल्या लहान गाड्यांवर काढली होती. पाणी सोडलेल्या गुळगुळीत फरशांचा ट्रॅक, कडक ऊन, डोक्यावर टोपी. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा मला आर्येप्लोगला पाठवलं.

आर्येप्लोग उत्तर स्वीडनमध्ये आहे, आर्क्टिक वर्तुळाच्या थोडंसं खाली. गाव हॉर्नाव्हान तलावाच्या काठावर. हा स्वीडनमधला सर्वात खोल तलाव, २२१ मीटर. सगळ्या तालुक्याची लोकसंख्या तीन हजारांच्या आत. पण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन इंजिनिअर गोठलेल्या तळ्यांवर गाड्या चालवून बघायला इथे येऊ लागले आणि तेव्हापासून हिवाळा हाच या गावाचा सुगीचा हंगाम झाला. जानेवारी ते मार्च जगभरच्या गाड्या काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या आवरणात गुंडाळून इथे येतात. गावातली माणसं त्यांच्यासाठी बर्फ पिकवतात. पिकवतात हाच शब्द बरोबर आहे. तळ्यावर पडलेला हिम गोधडीसारखा असतो, तो खालच्या पाण्याला ऊब देतो आणि बर्फ जाड होऊ देत नाही. म्हणून हंगामाच्या आरंभी आधी तो हिम बाजूला सारतात, थंडी आत शिरू देतात, भोकं पाडून जाडी मोजतात, वरून पाणी सोडून पृष्ठभाग सपाट करतात. मग त्यावर वर्तुळं, सरळ पट्टे, वळणं आखली जातात. एका पट्ट्यात डावी चाकं बर्फावर आणि उजवी चाकं खालून गरम केलेल्या डांबरावर राहतील अशी सोय असते. पहाटे चारला ट्रॅक साफ करणाऱ्यांचे दिवे तळ्यावर फिरताना दिसायचे. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या माणसाइतकंच त्यांचं लक्ष त्या बर्फावर असे.

सूर्य दहाच्या सुमारास वर यायचा आणि दोनच्या सुमारास खाली जायचा. त्या पहिल्या सकाळी तापमान उणे २७ होतं. गाड्या रात्रभर विजेच्या खांबाला जोडलेल्या, इंजिन गोठू नये म्हणून. रात्री तळं आवाज करी. बर्फ ताणला जाऊन लांबवर तडा जाई आणि खोल विहिरीत धोंडा टाकल्यासारखा घुमारा उठे. पहिल्या रात्री मी उठून बसले. आठवड्याभरात त्या आवाजाशिवाय झोप येईना.

त्या चढाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रस्त्याची पकड मोजायला आम्ही 'म्यू' हा आकडा वापरतो. कोरड्या डांबरावर तो ०.८ च्या वर असतो, दाबून घट्ट झालेल्या हिमावर ०.२ ते ०.३, आणि घासलेल्या बर्फावर ०.१ च्या आसपास. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण १२ मीटरमध्ये थांबते. त्याच गाडीला बर्फावर जवळजवळ १०० मीटर लागतात. आता चढाचं बघा. आमच्या गाडीचं निम्मं वजन पुढच्या चाकांवर आणि निम्मं मागच्या. जोर फक्त मागच्यांना. म्हणजे ०.१ मधली निम्मीच पकड कामाची. शंभर मीटरला पाच मीटरहून जास्त चढ ती गाडी चढूच शकत नाही, चालवणारा कुणीही असो. आठ मीटरच्या त्या चढावर कौशल्याला जागाच नव्हती. म्हाताऱ्या चालकांनी मला तिथे आधी नेलं ते एवढ्याचसाठी. काय आपल्या हातात नाही, हे माणसाला पहिल्या दिवशी कळावं.

दुसरी गोष्ट त्याच चढावर कळली. टायरकडे पकड मोजून दिलेली असते, महिन्याच्या शिध्यासारखी. ती सगळी पुढे ढकलण्यात उधळली की बाजूला धरून ठेवायला काही उरत नाही. म्हणून मागची चाकं फिरायला लागली की शेपूट बाजूला जातं. पुढच्या चाकांना जोर असलेली गाडी अशा वेळी नुसती वळायचं विसरते, नाकासमोर घसरत राहते. मागच्या जोराची गाडी फिरते. आणि स्पोर्ट्स कारच्या बाबतीत सगळंच हिमाच्या विरुद्ध असतं. टायर रुंद, ते भुसभुशीत हिमावर तरंगतात, खाली दाबून पकड शोधत नाहीत. पोट जमिनीला लागलेलं, जरा जाड थर आला की पुढचा बंपर नांगरासारखा हिम ढकलत जातो. रिमच्या आत हिम साचून गोठतो आणि चाक असं थरथरतं की वाटावं काहीतरी तुटलंय. थांबून काठीने तो खरवडून काढावा लागतो. पहिल्या आठवड्यात मी दिवसातून चार वेळा गुडघ्यांवर बसून हे काम केलं.

हिवाळी टायर हवेतच. त्यांचं रबर वेगळं, सात अंशांच्या खाली उन्हाळी टायर कडक पडतो आणि हा मऊ राहतो. त्याच्या नक्षीत सुरीने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या हिमाला चिमटीत धरतात. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर असे टायर कायद्याने सक्तीचे आहेत. टायरवर खर्च करावा, गाडीच्या ताकदीवर नव्हे, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे.

मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. गोळेवाल्याकडचा बर्फ, फ्रीजमधला बर्फ, हिमालयातला बर्फ. माझ्या वहीत तेवढ्याने भागेना. मग मी माझे शब्द घातले. उणे वीसच्या खालचा कोरडा हिम म्हणजे 'रवा'. बुटाखाली तो कुरकुरतो आणि त्यावर गाडी आश्चर्य वाटावं इतकी धरून चालते. शून्याच्या जवळपासचा ओला हिम म्हणजे 'भिजवलेलं पीठ', चाकाला चिकटतो, स्टिअरिंग ओढतो. आणि हजार चाकांनी घासलेला बर्फ म्हणजे 'काच'. काचही दोन प्रकारची. उणे पंचवीसची काच बरी. उणे दोनची काच सर्वात वाईट, कारण टायरच्या घर्षणाने तिच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा येतो. घरी फोन केला की आईला वाटे आज उणे २७ म्हणजे आज धोका जास्त. खरं तर पारा वर चढला की मला धास्ती वाटू लागली होती. कोकणातल्या माणसाला पावसाचं असंच असतं. धोधो कोसळणाऱ्या सरीला कुणी भीत नाही, मिरगाच्या पहिल्या भुरभुरीत रस्त्यावरचं तेल वर येतं तेव्हा खरी गाडी घसरते.

हे मला माहीत होतं, कारण मी सावंतवाडीची. बाबा अँबॅसडर भाड्याने चालवत. सावंतवाडी ते बेळगाव, आंबोलीच्या घाटातून, पावसाळ्यात धुक्यातून. अँबॅसडरचाही जोर मागच्या चाकांनाच. आमच्या वेळच्या बहुतेक गाड्या तशाच होत्या, अँबॅसडर, पद्मिनी, जीप, अगदी मारुतीची ओम्नीसुद्धा. रिकामी गाडी घेऊन घाट चढायचा असला की बाबा डिकीत दोन चिरे ठेवत. अगदी मागे नाही, सीटच्या पाठीला टेकवून, बरोबर चाकांच्या वर. चिखलात चाक फिरू लागलं की खाली गोणपाट. दहावीच्या सुट्टीत त्यांनी मला घराजवळच्या माळावर गाडी शिकवली आणि अठरा पूर्ण झाल्यावर घाटात नेलं. उताराच्या वळणावर मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला की ते म्हणत, "बाय, पाय काढू नको. हलको कर."

मला तेव्हा त्यातला फरक कळला नव्हता. पाय काढला काय आणि हलका केला काय, गाडी हळूच होणार ना?

तळ्यावर मला म्हाताऱ्या चालकांनी दोनशे मीटर व्यासाच्या वर्तुळावर सोडलं. सगळी मदत बंद. फक्त स्टिअरिंग, पाय आणि काच. वर्तुळावर गाडी एका विशिष्ट वेगापर्यंत गुमान फिरते. मग पुढची चाकं बाहेर सरकू लागतात. तिथे जरा रेस दिली की मागचा भाग बाहेर येतो आणि नाक आत वळतं. आता स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवायचं, जायचंय तिकडे बघायचं, आणि पायाने तो तोल धरून ठेवायचा. लिहायला तीन ओळी लागल्या. करायला मला नऊ दिवस लागले. पहिले दोन दिवस मी फक्त भोवऱ्यासारखी फिरले. तळ्यावर आपटायला काही नसतं, हे या जागेचं मोठं औदार्य. पुन्हा सरळ व्हायचं, पुन्हा सुरू.

नजरेची गंमत मोठी आहे. मी ज्या हिमाच्या ढिगाला भीत होते त्याच्याकडे बघत राही आणि गाडी नेमकी त्यातच जाई. हात नजरेच्या मागे जातात. म्हाताऱ्या चालकांनी शेवटी समोरच्या काचेच्या डाव्या अर्ध्या भागावर कागद चिकटवला, मला बाजूच्या खिडकीतूनच बघावं लागलं. तेव्हा जमलं. नवव्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास, सूर्य बुडायच्या बेतात असताना, मी पूर्ण एक फेरी गाडी तिरपी धरून काढली. हातात स्टिअरिंग जवळजवळ स्थिर होतं. सगळं काम उजव्या पायाच्या अंगठ्याखाली चाललं होतं, एखादा मिलिमीटर आत, एखादा बाहेर. गाडी मागच्या चाकांतून माझ्या कमरेत बोलत होती. पुढच्या चाकांच्या जोराच्या गाडीत हे संभाषण मला कधी ऐकू आलं नव्हतं. बर्फात अशा गाड्या वेडेपणा आहेत, असं म्हणणाऱ्यांना मी तेव्हापासून सांगते की दळणवळणासाठी दुसरी गाडी घ्या, पण गाडी चालवणं म्हणजे काय हे कळायला हिच्यासारखा गुरू नाही. डांबरावर जे ताशी १२० ला आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत घडतं, ते बर्फावर ताशी ४० ला, संथपणे, समजावून सांगत घडतं.

म्हाताऱ्या चालकांना हे नव्याने सांगायची गरज नव्हती. त्यांचं तरुणपण मागच्या जोराच्या गाड्यांतच गेलं होतं. व्हॉल्व्होची २४० ही गाडी १९७४ ते १९९३ बनत होती, तीही तशीच, आणि अख्ख्या देशाने तिच्यात हिवाळे काढले. तेही डिकीत वाळूची पोती ठेवत. बाबांच्या चिऱ्यांची गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चाकाच्या वर की मागे?" रॅलीचा विषय निघाला की ते खुलत. त्यांच्याच देशाच्या ब्यॉर्न वाल्डेगार्ड यांनी १९६९ आणि १९७० मध्ये माँटे कार्लो रॅली पोर्श ९११ घेऊन जिंकली, मागे इंजिन, मागे जोर, आल्प्सच्या बर्फाळ घाटांत. त्या गाडीचं इंजिनच मागच्या चाकांवर बसलेलं, चिरे आपोआपच जागेवर! १९८० ची स्वीडिश रॅलीही मागच्या जोराच्या ओपेल अस्कोनाने जिंकली. पुढच्याच वर्षी चारही चाकांना जोर असलेली आउडी क्वाट्रो आली, तिने ती रॅली जिंकली आणि मग सगळंच बदललं. ते सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसे. चार चाकं ढकलणार तर दोनपेक्षा जास्त ढकलणारच, ते म्हणत.

फेब्रुवारीच्या मध्यात हवा एकदम उबदार झाली. उणे तीन. संध्याकाळी मला एक सेन्सर आणायला आर्विड्सयौरला जावं लागलं, ९५ क्रमांकाच्या रस्त्याने सुमारे ८५ किलोमीटर. हाच रस्ता पुढे नॉर्वेपर्यंत जातो. इतक्या उत्तरेला, इतक्या थंडीत मीठ टाकून उपयोग नसतो, रस्ता पांढराच असतो. परत येताना काळोख होता. गाडी तीच, प्रणाली चालू, पण 'स्पोर्ट' स्थितीत. म्हणजे गाडी थोडी तिरपी होऊ द्यायची आणि मगच हस्तक्षेप करायचा.

रस्त्याकडेच्या हिमकाठ्यांना काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या दिसल्या. जवळपास रेनडिअरचा कळप आहे, अशी ती सामी पशुपालकांची खूण. मला ती माहीत होती. मी वेग कमीही केला होता. एक उंचवटा ओलांडला, रस्ता उजवीकडे वळला आणि दिव्यांच्या उजेडात पाच-सहा रेनडिअर रस्त्याच्या मधोमध उभे. मी ब्रेक मारला नाही. एवढं शिकले होते. मी फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. पूर्ण, एकदम.

तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने मागची चाकं मागे ओढली. फक्त मागची. गुळगुळीत चाकोरीवर तेवढंही त्यांना जास्त झालं, शिधा संपला, आणि शेपूट डावीकडे निघालं. मी स्टिअरिंग उलटं फिरवलं, गाडी सावरली, पण मी ते परत आणायला उशीर केला आणि ती लंबकासारखी दुसऱ्या बाजूला फेकली गेली. बहुतेक वेळा घात या दुसऱ्या झोक्यात असतो. प्रणालीने पुढच्या चाकाला ब्रेक लावल्याची थरथर पायाखाली कळली. मग सगळं पांढरं झालं. गाडी कडेच्या हिमाच्या भिंतीत दारापर्यंत रुतली होती. मला काही लागलं नाही. रेनडिअर जागचे हलले नव्हते. त्यांच्या खुरांचा टकटक आवाज मला नंतर ऐकू आला, ते सावकाश रस्ता उतरून गेले तेव्हा.

मी थरथरत बसून होते. वीसेक मिनिटांनी एक जुनी व्हॉल्व्हो आली, मागे लाल त्रिकोण लावलेली. स्वीडनमध्ये पंधरा वर्षांच्या मुलांना जुनी गाडी ट्रॅक्टरसारखी बदलून ताशी ३० किलोमीटरने चालवायची मुभा आहे. त्यातून एक पोरगा उतरला. त्याच्या गाडीच्या मागे वाळूची पोती होती. त्याने दोर बांधला, मला खुणेने न्यूट्रल दाखवलं आणि आपल्या गाडीत बसला. त्याने झटका दिला नाही. आधी दोर ताठ होईपर्यंत तो इंचाइंचाने पुढे गेला, मग इतक्या हळू जोर वाढवला की त्याची चाकं एकदाही फिरली नाहीत. स्पोर्ट्स कार हिमातून बाहेर आली. माझे पैसे त्याने घेतले नाहीत, हात हलवला आणि ताशी ३० ने निघून गेला. त्या देशात परवाना मिळण्याआधी घसरड्या ट्रॅकवरचं शिक्षण सक्तीचं असतं, पण या मुलाचं ते त्याआधीच झालेलं दिसत होतं.

रात्री मी गाडीतली नोंद संगणकावर उघडली. चारही चाकांचे वेग, स्टिअरिंगचा कोन, गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय, सगळ्याच्या रेषा. पाय उचलल्यावर इंजिनाच्या ओढीने मागची चाकं रस्त्यापेक्षा हळू फिरू लागली ते ठिकाण स्पष्ट दिसत होतं. अशा वेळी इंजिनाला किंचित रेस देऊन ती ओढ कमी करणारा एक भाग प्रणालीत असतो. तो चालायला हवा होता. तो चालला, पण फार उशिरा आणि फार थोडा. मी तक्ता उघडला. 'स्पोर्ट' स्थितीतला तो आकडा कमी केलेला होता. बदल करणाऱ्याच्या रकान्यात माझी आद्याक्षरं होती, तारीख आठ दिवसांपूर्वीची. पाय सोडल्यावर इंजिनाची ओढ जाणवली की गाडी खेळकर वाटते, म्हणून मी तो कमी केला होता. तळ्यावर, दिवसा, उणे चोवीसला, घसरायच्या तयारीत बसून.

त्या रात्री मी पहिल्यांदा माझ्या कामाकडे नीट बघितलं असं वाटतं. ही प्रणाली पहिल्यांदा गाडीत आली १९९५ मध्ये, मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत. लोकांना तिची ओळख पटली १९९७ मध्ये, जेव्हा एका स्वीडिश मासिकाच्या चाचणीत, रस्त्यात आडव्या आलेल्या मूसला चुकवावं तशी वळवताना, मर्सिडीजची लहान ए-क्लास उलटली आणि मग कंपनीने ती त्या गाडीत सरसकट बसवली. नोव्हेंबर २०१४ पासून युरोपात प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची होणार होती. चालकाला कुठे जायचंय आणि गाडी कुठे चाललीय, हे ती सेकंदाला पंचवीस वेळा ताडून बघते. हे सगळं मी भाषणात सांगत असे. पण 'स्पोर्ट' स्थितीतला प्रत्येक आकडा म्हणजे कुणावर तरी टाकलेला विश्वास असतो, हे मला जाणवलं नव्हतं. हा माणूस घसरणं हाताळेल, त्याला थोडं मोकळं सोडू. तो कोण, तो थकलाय का, त्याच्या रस्त्यावर रेनडिअर आहेत का, मला ठाऊक नसतं. मी त्या माणसाला तळ्यावर कल्पिलं होतं. तो रात्री घरी चालला होता.

सकाळी मी सगळं टीमसमोर मांडलं. मग म्हाताऱ्या चालकांनी मला विचारलं, "तू पाय का उचललास?" मी म्हणाले, घाबरले म्हणून. ते म्हणाले, "बरोबर. सगळेच उचलतात. तेच लिही." आमच्या प्रणालीत घाबरलेल्या हातांचा विचार खूप होता, घाबरलेल्या ब्रेकचाही. घाबरून काहीही न करणाऱ्या पायाचा विचार कमी होता. आणि मागच्या जोराच्या गाडीत पाय उचलणं म्हणजे काही न करणं नव्हेच, तो मागच्या चाकांना लावलेला ब्रेक असतो. घरी फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, लागलं नाही ना म्हणून दोनदा विचारलं, आणि मग म्हणाले, "काढलंस मां पाय?"

उरलेला हंगाम आणि पुढचा अख्खा हंगाम आम्ही त्या एका गोष्टीवर घालवला. ९५ क्रमांकाच्या रस्त्यावरचं ते वळण मोजून तळ्यावर आखून घेतलं, तेवढ्याच व्यासाचं. मार्चमध्ये पारा वर आला की दुपारी दोनची ओली काच मिळे, ती वेळ आम्ही राखून ठेवली. पाय एकदम उचलला तर इंजिनाची ओढ किती वेळात, किती प्रमाणात सोडायची? फार पटकन सोडली तर गाडी धावतच राहते, चालकाला वाटतं अ‍ॅक्सिलरेटर अडकला, तो भीतीने ब्रेकवर उभा राहतो. उशीर केला तर शेपूट निघालेलं असतं. रव्यावर जे बरोबर ते काचेवर चुकीचं. बाबांच्या वाक्यातला 'हलको' मी सेकंदाच्या शंभराव्या भागांत शोधत होते. किती हलका?

दुसऱ्या हंगामाच्या मार्चमध्ये तक्ता जमत आल्यासारखा वाटला. दुपारी दोन, उणे एक, काचेवर पाण्याची चकाकी. मी वळणाकडे ताशी ६० ने आले, ठरलेल्या खुणेवर पाय उचलला, गाडी गुमान वळली. नोंद बघितली तर प्रणाली चाललीच नव्हती. मी पाय उचललाच नव्हता, हलका केला होता. पुन्हा गेले. मनाशी ठरवून गेले की आता एकदम. पुन्हा नोंदीत तोच हळू उतरत जाणारा उतार. तिसऱ्यांदा मी जोरात ओरडून स्वतःला सांगितलं आणि तरीही माझा पाय ऐकेना. दोन वर्षं त्या तळ्याने त्याला जे शिकवलं होतं ते तो माझ्या सांगण्यावरून विसरायला तयार नव्हता.

त्या हंगामात पुण्याहून एक नवी मुलगी आली होती. तिचा पहिलाच हिवाळा, तळ्यावरचा चौथा दिवस. मी तिला चालकाच्या जागी बसवलं, बाजूला बसले, थर्मास पायाशी ठेवला. तिला फक्त वळणाची दिशा सांगितली. मधोमध एक रिकामा खोका आम्ही आधीच ठेवून दिला होता, उंचवट्यामागे, दिसणार नाही असा. खोका दिसला तसा तिचा श्वास अडकला आणि पाय एकदम वर आला. मागच्या चाकांनी क्षणभर अंग चोरलं, इंजिनाचा आवाज किंचित चढला, गाडी खोक्याच्या बाजूने वळणात तशीच सरळ निघून गेली. मी वहीत वेळ लिहिली, तापमान लिहिलं, आणि 'पुन्हा एकदा' म्हणाले.